मु. पो. नोड, ता. आष्टी

इथेरियम नावाच्या ब्लॉकचेनवाल्यांची एक सवय मोठी गमतीची आहे. नवा बदल खऱ्या जाळ्यात सोडण्याआधी तो चालवून बघायला ते एक तालमीचं जाळं उभं करतात. त्यात फिरणाऱ्या नाण्याला दमडीची किंमत नसते. आणि या तालमीच्या जाळ्यांना नावं द्यायची ती स्टेशनांची. रॉप्स्टेन आणि रिंकेबी ही स्टॉकहोमची, कोवान सिंगापूरचं, गोर्ली हे बर्लिनच्या गोर्लित्झर बानहोफवरून, सेपोलिया अथेन्सचं, होलेस्की प्रागचं. २०२५ च्या मार्चमध्ये नवं जाळं आलं त्याचं नाव हूडी. हे बंगळुरूमधलं, व्हाइटफील्डच्या वाटेवरचं मेट्रो स्टेशन. म्हणजे गाडी आपल्या मुलखाकडे वळली आहे.

कड्यालाही आता स्टेशन आहे, हे त्या मंडळींना कोणीतरी कळवायला हवं.

कडा म्हणजे आष्टी तालुक्यातलं, नगरहून आष्टी-जामखेडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं बाजारपेठेचं गाव. जिल्हा बीड, पण तालुक्याचा पिनकोड सुरू होतो नगरच्या ४१४ नं. लग्नाचा बस्ता, मोठा दवाखाना, मोटारीचा पार्ट, सगळ्याला माणूस धावतो तो नगरलाच. नगरचं कागदोपत्री अहिल्यानगर झालं, एसटीत कंडक्टरच्या तोंडी अजून नगरच आहे. २३ सप्टेंबर २०२२ ला नगर ते न्यू आष्टी या ६६ किलोमीटरवर पहिली प्रवासी गाडी धावली. नारायणडोहो, लोणी, सोलापूरवाडी, धानोरा असं करत ती कड्याला थांबली आणि पुढे गेली. त्याच्या बरोबर आठ दिवस आधी, १५ सप्टेंबरला, इथेरियमनं आपली जुनी वीजखाऊ पद्धत टाकून नवी घेतली आणि विजेचा खर्च ९९ टक्क्यांहून जास्त खाली आणला. जगभरच्या जाणकारांनी तो सोहळा पाहिला म्हणतात. कड्यात त्या पंधरवड्यातली मोठी बातमी कोणती, असं विचारलंत तर उत्तर गाडीच येईल, आणि ते रास्त आहे. नगर–बीड–परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाला मंजुरी मिळाली १९९५ मध्ये. कड्याला शिटी ऐकू आली २७ वर्षांनी. बीडला गाडी पोचायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडला.

हे २७ वर्षांचं प्रकरण लक्षात ठेवायचं, पुढे त्याचं काम आहे.

तर अशा गावात, एका घरी, घरच्याच कॉम्प्युटरवर बिटकॉइनच्या ब्लॉकचेनचा सर्व्हर, म्हणजे नोड, बसवायचं ठरतं. हे ठरवणारे चिरंजीव कोण, असं विचारू नये. ते चार-सहा घरांतल्या चिरंजीवांचे मिळून एक झालेले आहेत. पुण्यात कॉम्प्युटरचं शिकायचं, हिंजवडीत नोकरी धरायची, साथीच्या वर्षात लॅपटॉप घेऊन गावी यायचं आणि मग ‘घरूनच काम चालतंय की’ म्हणत राहायचं, असा या चिरंजीवांचा साधारण जीवनक्रम. घरात आई, वडील आण्णा आणि आजोबा आबा. आबांचं वय ऐंशीच्या घरात. रोजचा जमाखर्च, पाऊस, विहिरीचं पाणी आणि कोण कोणाच्या मयताला आलं नाही याची नोंद ते वहीत ठेवतात. या वह्यांचा गठ्ठा माळ्यावर आहे.

चिरंजीव जाहीर करतात, ‘मी नोड टाकतोय.’

आण्णांचा पहिला प्रश्न असतो, ‘मिळणार काय?’

इथेच प्रकरण अवघड होतं, कारण खरं उत्तर ‘काही नाही’ असं आहे. लोकांच्या डोक्यात बिटकॉइन म्हणजे मशीन लावलं की नाणी पडतात असा समज घट्ट बसला आहे. नाणी पडतात ती मायनिंगवाल्यांना. त्यासाठी त्याच एका कामाची खास यंत्रं लागतात आणि ती गोदामंच्या गोदामं भरून चालवतात. घरच्या कॉम्प्युटरवरचा साधा फुल नोड फक्त हिशोब तपासतो. जगात झालेला प्रत्येक व्यवहार उतरवून घ्यायचा, नियमात बसतो का बघायचा, बसला तर पुढे सांगायचा. पगार नाही, भत्ता नाही, चहासुद्धा नाही.

‘म्हंजी फुकटची राखण,’ आण्णा म्हणतात. ‘कुणाच्या रानाची?’

‘कोणाच्याच नाही. सगळ्यांच्या.’

आण्णा एवढं ऐकून उठतात आणि म्हशीला पाणी दाखवायला जातात.

त्यांच्या संशयाला कारण नाही असं नाही. पैसे दुप्पट करून देणाऱ्यांशी या भागाची ओळख जुनी आहे. मल्टिस्टेट पतसंस्था म्हणजे काय, हे बीड जिल्ह्यातल्या ठेवीदाराला कोणी समजावून सांगायची गरज उरलेली नाही. बिटकॉइनच्या नावावरही महाराष्ट्रात एक थोर प्रयोग होऊन गेला. गेनबिटकॉइन नावाच्या योजनेत महिन्याला १० टक्के परतावा, तोही १८ महिने, असं सांगून लोकांकडून नाणी गोळा केली गेली. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी धरपकड केली. या कथेचा कळस त्यानंतरचा आहे. पोलिसांना यातलं तांत्रिक कळेना म्हणून मदतीला दोन जाणकार घेतले होते. २०२२ च्या मार्चमध्ये त्या दोघांनाही पुणे पोलिसांनीच अटक केली. जप्त करायची नाणी परस्पर दुसरीकडे वळवल्याचा आरोप होता. कुंपणानं शेत खाण्याची म्हण मराठीत कधीची आहे, तिला कॉम्प्युटर जोडायचं काम तेवढं राहिलं होतं.

चिरंजीव म्हणतात, नोड त्यासाठीच तर असतो. या पंथाचा मंत्रच आहे, ‘डोन्ट ट्रस्ट, व्हेरिफाय.’ कोणावर विसंबायचं नाही, स्वतः तपासायचं. बँक नको, सोसायटी नको, चेअरमन नको. हिशोबाची अख्खी वही आपल्या घरात.

आबांना ही कल्पना एकदम पटते. वही घरात असावी, याबद्दल त्यांचं कधीच दुमत नव्हतं. ज्याच्या हातात वही त्याच्या हातात माणूस, हे बीड जिल्ह्यात शाळेत न जाता कळतं. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडीला इथं एक ‘कोयता’ म्हणतात. त्या कोयत्यानं मुकादमाकडून किती उचल घेतली आणि किती फेडली हे लिहिलेलं असतं मुकादमाच्या वहीत, आणि ती वही एकच असते. हंगामाचा पट्टा पडून कोयता गावी परततो तेव्हा उचल फिटलेली असायला हवी. पुष्कळदा ती वाढलेलीच निघते.

ब्लॉकचेनची युक्ती एवढीच की वही एकाकडे ठेवायची नाही, हजारो घरांत तीच्या तीच ठेवायची, आणि प्रत्येक पानावर मागच्या पानाचं बोट धरून ठेवायचं. तलाठ्याच्या फेरफाराच्या वहीत असंच असतं. जमीन आज कोणाच्या नावावर, याला आजचा सातबारा पुरत नाही. हा फेरफार कोणत्या नंबरचा, त्याच्या आधीचा कोणता, बापाच्या वारसाची नोंद कधीची, असं मागं मागं जावं लागतं. फरक इतकाच की फेरफाराला नंबर असतो आणि इथं ‘हॅश’ असतो. हॅश म्हणजे पानावरच्या मजकुराचा ६४ चिन्हांचा ठसा. डेअरीची दुधाची पावती घ्या. फॅट ३.५, एसएनएफ ८.५. यातल्या ३.५ चं कोणी हळूच ३.६ केलं तर ठशातलं एखादं चिन्ह बदलत नाही, सगळा ठसाच ओळखू न येईल असा होतो. आणि पुढच्या पानावर जुना ठसा लिहिलेला असल्यामुळे तिथली चोरी उघडी पडते. मागचं एक पान बदलायचं तर पुढची सगळी पानं नव्यानं लिहावी लागतात, तीही हजारो घरांतली.

‘अन् सुरुवात कधीपासून?’ आबा विचारतात.

‘३ जानेवारी २००९.’

आबांची निराशा लपत नाही. २०२३ पासून मराठवाड्यात जुन्या कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली, मोडी वाचणाऱ्याला जावयासारखा मान आला, निजामाच्या काळचे उर्दू कागद कपाटांतून बाहेर पडले. अशा दिवसांत २००९ ची नोंद म्हणजे कालची गोष्ट. पण त्या पहिल्या पानावर सातोशी नाकामोतो या, आजवर कोणाला न दिसलेल्या, गृहस्थानं त्या दिवशीच्या लंडनच्या टाइम्समधला मथळा टाकून ठेवला आहे. सरकार बँकांना दुसऱ्यांदा वाचवायच्या बेतात असल्याची ती बातमी. हे पान त्या तारखेच्या आधी लिहिलेलं नाही याचा पुरावा म्हणून पेपरचं कात्रण. हे ऐकल्यावर मात्र आबा मान डोलावतात. भावकीच्या दाव्यात त्यांनीही असंच कात्रण लावलं होतं.

आता प्रत्यक्ष बसवणं.

ही अख्खी वही सातशे जीबीच्या आसपास भरते. मोबाइलच्या रोजच्या दोन जीबीवर उतरवायची म्हटली तर साडेतीनशे दिवस लागतील, आणि तोवर रोज दोन-अडीचशे एमबीची नवी भर पडत राहणार. ऊस तोडता तोडता मागं फुटवा येत जावा तसं. जागा वाचवायची एक पळवाट आहे. तपासून झालेली जुनी पानं फाडून टाकायची आणि ताजी साडेपाचशे एमबी तेवढी ठेवायची, अशी सोय प्रोग्रॅममध्येच दिलेली आहे. आबांच्या कानावर ही सोय जाऊ दिलेली नाही. एक टीबीची एसएसडी मागवली जाते. ती कुरियरनं आष्टीपर्यंत येते, तिथून कड्याला येणाऱ्या एका दूधवाल्याच्या गाडीवर, किटल्यांच्या मधे, घरी पोचते. ‘कोणावर विसंबायचं नाही’ या मंत्रातला हा पहिला खाडा. पण दूधवाला घरच्यासारखा आहे, म्हणून तो धरायचा नाही.

मग केबलवाला. गावात इंटरनेट देतो तो केबलवालाच. खांबावरून खांबावर, तिथून चिंचेच्या झाडावरून आणि शेजाऱ्याच्या गच्चीवरून आणलेली त्याची वायर घरात येते. चिरंजीव त्याला म्हणतात, मला ८३३३ नंबरचा पोर्ट उघडा हवा आहे. बाहेरच्या नोडांना आत यायला तो दरवाजा लागतो. केबलवाला दोन मिनिटं वायरकडे बघतो आणि म्हणतो, ‘दार तर तुमचंच हाय की.’ खरी अडचण अशी की जगात जुन्या पद्धतीचे इंटरनेटचे पत्ते पुरेनासे झाल्यामुळे कंपन्या एका पत्त्यामागे शेकडो घरं बसवतात. बाहेरच्या जगाला त्या सगळ्यांचा मिळून एकच पत्ता दिसतो. पोस्टमनला ‘मु. पो. कडा’ एवढंच लिहिलेलं पत्र द्यावं आणि आत गल्ली नाही, आडनाव नाही, अशी गत. पत्र कड्यात येतं, घरी येत नाही. स्वतंत्र पत्ता हवा तर महिन्याला जादा पैसे. चिरंजीव म्हणतात, जाऊ द्या. दार बंद असलं तरी नोड चालतो. तो आपण होऊन दहा जणांशी ओळख काढतो. फक्त त्याच्याकडे पाव्हणे येत नाहीत.

ओळख काढल्यावर नोड जे करतो त्याला कॉम्प्युटरच्या शास्त्रात गॉसिप असंच नाव आहे. ही थट्टा नव्हे, पुस्तकात छापलेला शब्द आहे. एकानं दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि काही सेकंदांत बातमी जगभर. कड्याच्या एसटी स्टँडवर ही पद्धत पूर्वापार चालत आली आहे. फरक एकच. नोड ऐकलेली गोष्ट आधी तपासतो, खोटी निघाली तर पुढे सांगत नाही, आणि कोणी उघड खोटं गळ्यात मारू लागला तर त्याच्याशी बोलणंच तोडतो. हा नियम स्टँडवर लावला तर दुपारी बारालासुद्धा तिथं शुकशुकाट होईल.

प्रोग्रॅम उतरतो, एका खिडकीत आकडे पळायला लागतात, आणि खाली इंग्रजीत एक ओळ उमटते. सोळा इयर्स अँड अमुक वीक्स बिहाइंड. म्हणजे तुम्ही जगाच्या सोळा वर्षं आणि इतके आठवडे मागे आहात. पुण्यात ही ओळ वाचून माणूस अस्वस्थ होतो, वेगवान डिस्क मागवतो. कड्यात ती वाचून आण्णा पहिल्यांदाच मनापासून हसतात. ‘सोळाच?’ असं म्हणून ते स्टेशनच्या दिशेनं हात करतात.

मग सुरू होतो जगाचा हिशोब. २००९ ची पानं रिकामी रिकामी असतात, ती भराभर उलटतात. २२ मे २०१० येतो. त्या दिवशी अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका गृहस्थानं दोन पिझ्झ्यांपायी १०,००० बिटकॉइन मोजले होते. जगातले ते सगळ्यात महागडे पिझ्झे म्हणून गाजले. त्या पिझ्झ्याचा हिशोब आता कड्यात, शेडमधल्या दोन म्हशींपासून वीस फुटांवर, पुन्हा एकदा तपासून बरोबर ठरतो. इतका जुना आणि मिटलेला व्यवहार परत कशाला तपासायचा, हा आईचा प्रश्न बिनतोड आहे. चिरंजीव म्हणतात, तत्त्व आहे.

तत्त्वाचं मात्र बारकाईनं बघितलं तर गंमत निघते. सोळा वर्षांतल्या सगळ्या व्यवहारांवरच्या सह्या तपासायच्या म्हटलं तर घरचा कॉम्प्युटर थकून जाईल. म्हणून प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी त्यातच एक ठसा घालून दिला आहे. या पानापर्यंतच्या सह्या बरोबर आहेत असं गृहीत धरा. बेरजा-वजाबाक्या, एकच नाणं दोनदा खर्चलं का, हे सगळं तो तपासतो, पण जुन्या सह्यांवर डोळे मिटतो. हे काढून टाकायची मुभा आहे. काढणारे थोडे. कोणावरही विसंबू नका हे सांगणारं यंत्र डबा उघडल्या उघडल्या ‘मागच्या साहेबांनी तपासलं असेल’ असं म्हणतं, हे कळल्यावर आबांना ते प्रथमच ओळखीचं वाटू लागलं.

चौथ्या दिवशी लाईट जाते.

लाईट जाण्याचं कौतुक गावाला नाही. पण हा प्रोग्रॅम वही लिहिताना काही मोजणी मेमरीत ठेवतो आणि सवडीनं डिस्कवर उतरवतो. उतरवता उतरवता वीज गेली तर वही फाटते. परत चालू केल्यावर तो अदबीनं विचारतो, वही बिघडलेली दिसते, पुन्हा पहिल्यापासून मांडू का? ‘हो’ म्हणण्यावाचून इलाज नसतो. फ्लोरिडातल्या गृहस्थाचे पिझ्झे पुन्हा तपासले जातात. एका पावसाळ्यात ते तीनदा तपासले गेले असतील तर नवल नाही.

उपाय म्हणजे इन्व्हर्टर. घरात तो आहे, पण त्याच्यावर हक्क कोणाचा यावरून गावातल्या कुठल्याही बांधाइतका वाद होऊ शकतो. आईचं म्हणणं, फ्रीज आणि स्वयंपाकघरातला दिवा. आण्णांचं म्हणणं, पंखा. चिरंजीवांचं म्हणणं, सीपीयू आणि राउटर, कारण यंत्र चालू आणि नेट बंद म्हणजे टॉवर आहे आणि रेंज नाही. आण्णा वहीवर हिशोब करतात. सीपीयू ६० वॅट धरला, चोवीस तास, तीस दिवस, तर महिन्याला ४३ युनिट. ‘ह्यात ते फुकटचं नाणंबी नाही,’ असं पुन्हा एकदा बजावून ते सही केल्यासारखी रेघ मारतात.

उन्हाळ्यात आणखी एक पाहुणी येते, ती म्हणजे उष्णता. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत यंत्र असं तापतं की पंख्याचा आवाज गिरणीसारखा येतो. घरातली सगळ्यात थंड जागा कोणती, याचा शोध लागतो तेव्हा ती माठाची निघते. माजघराच्या उत्तरेच्या कोपऱ्यात, ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ, आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर, तिवईवर, जगाचा हिशोब. अंतर हातभरच का, तर आईनं तांब्या बुडवताना उडणारं पाणी तेवढ्यापर्यंत येतं. हे प्रयोगानं ठरलेलं अंतर आहे. राउटरवर ऊब मिळते म्हणून पाल येऊन बसते. तिला हाकलायचं नाही असं ठरलं, कारण ती डास खाते आणि नोडला तिच्यापासून धोका नाही. उंदरापासून आहे. वायर कुरतडण्यात त्याला कसली चव लागते, हे सातोशीलाही माहीत नसावं.

या सगळ्या दिवसांत पारावर यंत्राची चर्चा होतेच. कोणी विचारतं, ही वही खोटी करायचीच म्हटली तर? मायनिंगची निम्म्याहून जास्त ताकद एका टोळीच्या हातात आली की तिला ताजी पानं उलटवता येतात. याला ५१ टक्क्यांचा हल्ला म्हणतात. इथेरियम क्लासिक या नाण्यावर २०१९ च्या जानेवारीत आणि पुन्हा २०२० च्या ऑगस्टमध्ये असे हल्ले झाले. हे पारावर कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. ग्रामपंचायतीचं पॅनल पाडलेली आणि पडलेली अशी दोन्ही माणसं तिथं बसलेली असतात. ‘याला हल्ला काय म्हणायचं, याला भावकी म्हणतात,’ एवढंच एकजण म्हणतो आणि तंबाखू मळतो.

हे इथेरियम क्लासिक आलं कुठून, त्याचीही गोष्ट पारावर जमते. २०१६ च्या जूनमध्ये इथेरियमवरच्या एका सामाईक गंगाजळीतून एका पठ्ठ्यानं ३६ लाख इथर वळते केले. प्रोग्रॅममधल्या चुकीचा फायदा घेऊन. काहींनी म्हटलं, वहीत नवी नोंद घालून चोरी रद्द करा. काही अडून बसले की वहीत लिहिलं ते लिहिलं, मागं फिरायचं नाही, नाहीतर वहीला अर्थ काय? जुलैत वाटणी झाली. चोरी रद्द करणारे झाले इथेरियम, न करणारे राहिले क्लासिक. वाटणीच्या आधीची सगळी पानं दोन्ही घरांत एकच, त्यापुढची वेगळी, आणि दोघंही म्हणतात मूळ घर आमचं. विहीर सामाईक ठेवता आली नाही, एवढंच आपल्या वाटण्यांपेक्षा सोपं गेलं. पारावरचं मत विभागलेलं राहतं. चोरी मोडायला हवी होती असं बहुतेकांचं, वही मोडायला नको होती असं आबांचं.

सरकारनंही या वहीची चव घेतलेली आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत २०२२ मध्ये ६५,००० जातीचे दाखले पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर नोंदवायचं काम हाती घेतलं गेलं. दाखला खोटा की खरा, हे कोणालाही तपासता यावं म्हणून. पॉलिगॉन हे मूळ आपल्याकडच्याच पोरांचं काम. त्यांनी तालमीच्या जाळ्याला नाव दिलं होतं ‘मुंबई’. २०२४ च्या एप्रिलमध्ये ते जाळं गुंडाळलं आणि त्याच्या जागी ‘अमॉय’ आलं. हे चीनमधल्या शहराचं जुनं नाव. त्या महिन्यात जगभरच्या प्रोग्रॅमरांनी एकमेकांना मुंबई बंद झाल्याचं कळवलं, आणि लोकलवर त्याचा काहीही परिणाम झाला नाही, असा हा इतिहासातला एकमेव मुंबई बंद.

‘काय मिळतं?’ या प्रश्नाचं उत्तर शेवटी मिळालं ते सप्ताहात.

गावात अखंड हरिनाम सप्ताह बसतो तेव्हा सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते. एकाच्या गळ्यातली दुसऱ्याच्या गळ्यात, रात्रंदिवस. प्रत्येकाला पहारा लावून दिलेला असतो. रात्री दोन ते चारचा पहारा म्हणजे झोपेनं डोळे मिटत असताना उभं राहून टाळाच्या ठेक्यावर नाम घ्यायचं. त्याचं मानधन नाही. कोणी मोजत नाही. खाडा पडला तर मात्र गावाला कळतं. आण्णांनी तरुणपणापासून एक सप्ताह चुकवलेला नाही. चिरंजीवांनी एका संध्याकाळी एवढंच म्हटलं, ‘आण्णा, हा वीणेचा पहाराच आहे. हजारो घरांत एकाच वेळी.’ आण्णा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पंख्याची वायर इन्व्हर्टरवरून काढलेली होती.

आणि मग अशी एक रात्र येते. खिडकीतली ओळ उतरत उतरत ‘वन वीक बिहाइंड’वर आलेली असते. सोळा वर्षं मागे पडली, आठवडा उरला, सकाळपर्यंत कडा जगाच्या बरोबरीला येणार. नेमका त्याच रात्री चिरंजीवांचा देवळात दोन ते चारचा पहारा. टाळायचा प्रश्न नाही, आणि यंत्र एकटं ठेवायचीही छाती होत नाही. आईला भल्या पहाटे धारा काढायच्या असतात, आण्णा देवळातच असतात. उरतात आबा. त्यांना झोप तशीही कमीच. माठाशेजारी सतरंजी पडते, अंगावर घोंगडी, हातात बॅटरी. चिरंजीव तीन-तीनदा बजावतात की कशालाही हात लावायचा नाही, नुसतं बसायचं. आबा म्हणतात, ‘जा. राखण आमाला शिकवू नको.’

चार वाजून गेल्यावर, काकड्याची गडबड सुरू असताना, चिरंजीव धावत घरी येतात. यंत्र चालू असतं. आबा भिंतीला टेकून जागे असतात. मांडीवर वही उघडी, आणि त्यात त्या रात्रीचं पान, बारीक, तिरक्या अक्षरात:

‘रा. २-१० लाईट गेली. यंत्र चालू. २-२५ उंदीर आला, हाकलला. २-४० लाईट आली. ३-०५ पुन्हा उंदीर, तोच. ३-२० पाणी प्यालो, तांब्या लांब धरून. ३-५० यंत्रावरची वळ गेली, काय लिहिलं होतं ते वाचता आलं नाही. पोराला दाखवणे.’